पंढरीनाथचा जुना नंबर

पंढरीनाथ साळवी हा शांती नगरातला माझा शेजारी, अगदी दाराला दार. नोकरी अंधेरीला औषधांच्या गोदामात, गाव रत्नागिरीकडचं, आणि स्वभाव असा की दुसऱ्याच्या पानात पापड मोठा पडला तरी याचा घास अडकायचा. मी त्याला तोंडावर जळकुकडा म्हणायचो. तो हसायचा, पण जळायचं काही सोडायचा नाही.

त्यानं मोबाईल घेतला तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. तेव्हापासून एकच कंपनी, एकच नंबर, आणि बिल कायम मुदतीच्या आत. गावाच्या लेखी त्याचा फोन म्हणजे ‘बिलवाला फोन’. गणपतीच्या एसटीचं बुकिंग असो की कुणाच्या मुलीचं स्थळ, ज्याला काम असेल त्यानं मिस्ड कॉल द्यायचा आणि पंढरीनं उलट फोन करायचा. आई तर रोज दिवेलागणीला विठूच्या दुकानातल्या कॉइन बॉक्सवरून मिस्ड कॉल द्यायची. तिला आकडे तेवढे ओळखता यायचे. मुलाचा नंबर तिनं पाढ्यासारखा घोकला होता आणि बटणं स्वतः दाबायची.

साहजिकच प्लॅनमधली फुकट मिनिटं अर्ध्या महिन्यातच संपायची आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला चढा दर लागायचा. बिल आलं की ‘जादा वापर’ या ओळीवर बोट ठेवून तो माझ्याकडे यायचा.

“हे बघ! आणि तिकडे तो दशरथ बघ!”

दशरथ त्याचा चुलत भाऊ, बरोबर वरच्या मजल्यावर राहणारा. दर दोन-चार महिन्यांनी स्टेशनसमोरून नवं सिम आणायचा, नव्या गिऱ्हाइकाची स्कीम ओरपायचा आणि सिम टाकून द्यायचा. गॅलरीत उभा राहून तासन् तास बोलायचा. ते खाली ऐकू आलं की पंढरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अखेर एका शनिवारी तो मला घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेला.

“एवढी वर्षं तुमच्याकडे आहे,” तो काउंटरवरच्या मुलीला म्हणाला. “दशरथला मिळतं ते मला का नाही?”

“सर, दशरथ कोण?”

“ते सोडा. स्कीम द्या.”

“ती फक्त न्यू कस्टमरसाठी आहे, सर.”

“म्हणजे मी जुना झालो हा माझा गुन्हा?”

मुलगी गोड हसली. तेच त्याला झोंबलं. “बंद करा माझा नंबर,” तो म्हणाला.

मी त्याला कोपरानं ढोसलं. “अरे, आईचं काय?”

“तिला नवा सांगतो ना.”

सही ठोकून तो बाहेर आला आणि समोरच्याच दुकानातून नवं सिम घेतलं. त्या संध्याकाळी तोही गॅलरीत उभा राहून बोलला, गरजेपेक्षा मोठ्यानं.

आईनं मात्र नवा नंबर काही घेतला नाही. “एक पाठ केला रे बाबा, आता दुसरा डोक्यात नाय शिरत,” म्हणाली. मग विठूला सवड असेल तेव्हा तो लावून द्यायचा. रोजचा मिस्ड कॉल आठवड्यावर गेला.

काही महिन्यांनी दशरथनं त्याच ऑफिसात जाऊन पंढरीचा तोच नंबर मागून घेतला. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, हे ठाऊक असायचं तर त्यालाच. “अख्ख्या गावाकडे आहे, वाया कशाला घालवायचा?” असं त्याचं म्हणणं. वर नवं गिऱ्हाईक म्हणून भरपूर फुकट मिनिटं. जुना नंबर लागतोय हे गावात कळायला वेळ लागला नाही. पंढरीनं दशरथशी बोलणंच टाकलं.

एका संध्याकाळी मी त्याच्याकडे चहाला बसलो होतो. वर फोन एकदाच वाजून थांबला. पंढरीचा कप हातातच राहिला.

मग वरून दशरथचा आवाज आला, “हां काकी, बोल. गुडघा कसा हाय आता?”

बराच वेळ तो बोलत होता, मधेच हसत होता.

“मला गुडघ्याचं कधी बोलली नाही ती,” पंढरी म्हणाला.

“तुम्ही बोलू देत होता का?” त्याची बायको आनंदी म्हणाली. “‘बरी आहेस ना, ठेवतो,’ एवढंच तर असायचं तुमचं.”

पंढरीनं उठून गॅलरीचं दार धाडकन लावलं. थोड्या वेळानं स्वतःच उघडलं. आईचं बोलणं खाली ऐकू येणार नव्हतं, म्हणून दशरथ काय बोलतो तेच ऐकत कठड्याला टेकून उभा राहिला.