काचेच्या टाकीतला तेजोमेघ

डिकॉक्शनमध्ये दूध पडलं की अक्का लगेच कॉफी पीत नसे. पांढरे लोट आत कसे उलगडतात ते बघत राही, आणि कॉफी गार होई. "नोडु, बघ गं. वर आभाळात असंच चालतं," ती मला म्हणायची.

अक्का माझी चुलत बहीण. घराणं कापड रंगवणाऱ्यांचं. पण तो धंदा बसला, आणि नजरबाद पेठेतल्या घरात काका, म्हणजे अक्काचे अप्पा, रिकाम्या हातांनी बसून राहू लागले. अक्का मात्र चित्रपटांसाठी संगणकावर अंतराळ रंगवायची. आधी दुर्बिणीनं टिपलेला खरा तेजोमेघ बघायचा, कल्पना मग लढवायची, हा तिचा हट्ट. "देवानं आपल्यापेक्षा जास्त धाडस केलंय," ती म्हणे.

एका कन्नड चित्रपटाच्या शेवटी नायिकेचं यान तेजोमेघात शिरतं. मृग नक्षत्रात घोड्याच्या डोक्यासारखा एक काळा ढग आहे, त्यावरून अक्कानं ते दृश्य रचलं. दिग्दर्शकानं परत पाठवलं. "मॅडम, धूर वाटतो हा. जीव नाही यात." पुन्हा फसलं, तर काम तिच्या हातून जाणार होतं.

रविवारी सकाळी ती आमच्या कुवेंपुनगरच्या घरातला रिकामा फिशटँक उचलून नजरबादला घेऊन गेली, मागोमाग मीही. टाकीत खाली मिठाचं पाणी, वर साधं. "अप्पा, लाल कालवून द्या. काळाही."

काकांनी किती वर्षांनी बाह्या सरसावल्या! पहिला रंग थेट तळाला गेला. काकांनी तो बोटांत चोळून पाहिला. "दाट झालाय. बेडा, नको हा. थांब, नवा करतो." या खेपेला नळीतून सोडलेला रंग दोन पाण्यांच्या मधोमध पसरला, फुगला, आणि लाल उजेडापुढे घोड्याची काळी मान ताठ उभी राहिली. कॅमेऱ्यामागून अक्का किंचाळली, "अप्पा, हलू नका!"

दिग्दर्शकानं ते पुन्हापुन्हा लावून पाहिलं. "कुठलं हे?"

"अर्धं मृगातलं, अर्धं नजरबादचं."

थिएटरात शिट्ट्या मारणारं पब्लिक त्या दृश्याला चिडीचूप झालं, आणि मग अख्खं थिएटर उभं राहिलं. काका तेवढे बसून. डोळे पुसत म्हणाले, "काळा जरा जास्तच पडला."

पुढं हैदराबादच्या एका स्टुडिओनं अक्काला बोलावून घेतलं. परवा काकाही निघाले. स्टेशनवर मी विचारलं, "लेकीकडे राहायला चाललात?"

"अय्यो, राहायला कशाला?" काकांनी पिशवी खांद्यावर टाकली. "कामाला बोलावलंय मला!"