रोजचा एक प्रश्न

कोर्टातल्या टायपिस्टला सगळे टकटकबाई म्हणत. वीस वर्षांत तिची बोटं आपली आपणच काम करायला शिकली होती. ती स्वतः मनानं खिडकीतून येणाऱ्या कवडशामागे हिंडत असायची, आणि खून, चोऱ्या, भांडणं बोटांखालून पाण्यासारखी वाहून जायची.

आज मात्र बोटं अडखळली. इंटरनेटवर खोट्या नावानं ओळख वाढवून एका बाईंचा बँकेचा पासवर्ड काढून घेणाऱ्याचा खटला होता. सरकारी वकील त्याचे मेसेज वाचून दाखवत होते. "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा, "जेवलीस का?" वर्षभर, रोज.

"पासवर्ड तुम्ही आपण होऊनच दिलात ना?" आरोपीच्या वकिलानं बाईंना विचारलं.

"फसवून मिळवलेली संमती कायद्यात संमती ठरत नाही," न्यायाधीश म्हणाले. "पुढे चला."

मेलं, आपल्याला तरी कोण विचारतं जेवलीस का म्हणून, टकटकबाईच्या मनात आलं. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन बाहेर गेली. त्या बाई बाकावर एकट्याच बसल्या होत्या. टकटकबाईनं मायेनं विचारलं, "जेवलात का?"

बाई दचकल्या. पर्स छातीशी घट्ट धरून म्हणाल्या, "काय हवंय तुम्हाला माझ्याकडून?"