मागच्या दोन झडपा

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसता वाचतोय. खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचो. माझा धंदा कार्ब्युरेटरचा, शिवाजीनगरला – पुण्यातलं नव्हे, इकडचं, कन्नड मुलखातलं. इंजिन अडलं तर कारण तीनच ठिकाणी सापडतं, पेट्रोलमध्ये, हवेत नाहीतर ठिणगीत. चौथं काही नसतं, असं गाडीला लिंबू बांधणाऱ्या गिऱ्हाइकांना मी तोंडावर सांगत आलोय. वय त्रेपन्न. फार बोलणारा माणूस नाही मी. पण हे लिहायलाच हवं… आणि ते लिहायचं तर आधी स्वतःचं पाप लिहावं लागेल.

मला काम शिकवलं ते कृष्णोजीअण्णांनी. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं कधीकाळी इकडे येऊन स्थायिक झालेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड. त्यांच्या हाताखाली मी वीस वर्षं होतो.

बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक अमेरिकन गाडी आली. दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांबलचक नाकाची. तिच्या कार्ब्युरेटरला चार झडपा. पुढच्या दोन पायाने उघडतात. मागच्या दोन मात्र इंजिनने पूर्ण जोर मागितला की हवेच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, आपोआप उघडतात. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर कितीही दाबा, मागच्या हलत नाहीत. एवढं लक्षात ठेवा, सगळं यातच आहे.

कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट, म्हणजे जोडातलं पातळ अस्तर, गेलं होतं. तसलं इथे मिळेना, म्हणून मी कार्ब्युरेटरच्या बुडाशी शीट ठेवून हातोडीने ठोकून कापलं. आम्ही सगळे असंच कापतो. अण्णांचा नियम होता – कार्ब्युरेटर बसवला की मागच्या झडपा बोटाने तीनदा उघडायच्या आणि आपोआप मिटतात का बघायच्या. पायाने त्या उघडतच नाहीत, त्यामुळे अडत असल्या तरी गॅरेजात कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. ज्याला त्याला गाडी पूजेला हवी, दारात रांग. अण्णा हात पुसत आले. म्हणाले, "रघू, बोटाने उघडून बघितलंस का रे?"

मी म्हटलं, "हो अण्णा."

बघितलं नव्हतं.

"सरी, ठीक आहे," म्हणाले आणि किल्ली घेऊन गाडी फिरवून बघायला गेले.

येलहंक्याच्या पुढे, मोकळ्या रस्त्यावर, भर दुपारी गाडी झाडावर गेली. अण्णा जागीच गेले. बघणारे म्हणाले, भयंकर वेगात होती. दुपारी उशिरा गाडी ओढून आणली, तेव्हा गॅरेजात मी एकटा होतो. कार्ब्युरेटर उतरवला. गॅस्केटची कड आत आली होती आणि तिच्यावर झडप रुतल्याची खूण होती, नखाएवढी. म्हणजे झडपा उघडल्या त्या मिटल्याच नाहीत. इंजिन असं उघडं राहिलं की ब्रेकसुद्धा जड होतो. मी ते गॅस्केट खिशात घातलं… आणि गप्प बसलो.

अण्णांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अण्णांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, ऐंशीच्या वर कधी जाणार नाही. ती त्यांनी मोडली असंच अक्का धरून चालल्या. दरवर्षी तिथीला सगळा स्वयंपाक करायच्या, पण अण्णांच्या आवडीच्या चिरोट्या नाहीत. "शपथ मोडणाऱ्याला गोड कशाला?" म्हणायच्या. मी समोर पानावर बसलेला असायचो. जेवायचो.

यंदा ती गाडी परत आली. रंग नवा, पुढचा भाग नवा, पण कार्ब्युरेटर तोच, बुडाशी अण्णांनी कोरलेलं 'कृ' होतं. मालक अनिकेत, पुण्याचा, महादेवपुऱ्यात आयटीत. "काका, पिकअप थोडा वीक वाटतो. सेकंडरीज उघडतायत का एकदा चेक करा ना." मागच्या झडपांना तो सेकंडरी म्हणतो.

त्याची तपासणी सोपी आहे. त्या झडपांना ओढणारी एक बारीक दांडी वरच्या डबीत जाते. दांडीला कागदाची साधी क्लिप लावायची, डबीला टेकवून. रस्त्यावर पूर्ण जोर द्यायचा, परत येऊन बघायचं. झडपा उघडल्या असतील तर क्लिप खाली ढकललेली दिसते.

मी चालवली. क्लिप जागची हलली नाही. डबीतला पडदा बदलला. व्हॅक्यूमची वाट फुंकून साफ केली. हलकी स्प्रिंग घातली, शेवटी स्प्रिंगच काढून टाकली – आता तर नुसत्या फुंकरीने उघडायला हव्यात. नाही. बोटाने मात्र लोण्यासारख्या उघडत होत्या, मिटत होत्या.

अनिकेतने एकट्याने चालवली. क्लिप तळाला.

मी म्हटलं, माझा पाय कमी पडत असेल. तो चालवायला, मी शेजारी. क्लिप वरच. चहाच्या गाड्यापाशी मला उतरवून त्याने तोच रस्ता पुन्हा मारला. क्लिप तळाला. चार दिवसांत आठ-नऊ वेळा केलं. मी गाडीत असलो की त्या झडपा उघडत नव्हत्या.

"वजन कमी करा काका," तो हसत म्हणाला. मग म्हणाला, "नाहीतर गाडीचा तुमच्यावर भरवसा नाही, दुसरं काय!"

त्याने गंमत केली होती. मी मात्र हातातला पाना खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूळची जड स्प्रिंग परत बसवली, नवी क्लिप डबीला टेकवून लावली, अनिकेतला फोन करून गाडी थोडी लांब नेतो म्हणून सांगितलं. बॉनेटला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे. येलहंक्याला अक्कांच्या दारात गाडी उभी केली. रंग बदलला तरी त्यांनी नाक ओळखलं.

"हिला कशाला आणलास रे?"

मी पायरीवरच बसलो आणि सांगितलं. गॅस्केट बारा वर्षं टूलबॉक्सच्या तळाशी होतं, ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं. पुठ्ठ्याएवढं पातळ.

"एवढंच?"

"एवढंच, अक्का."

"मग ते मुद्दाम जोरात गेले नव्हते?"

"नाही. पाय काढला असणार त्यांनी. गाडीच ऐकेना."

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग अक्का म्हणाल्या, "बारा वर्षं मी त्यांना शिव्या घातल्या, रघू. तू समोर बसून ऐकत होतास. वर भात मागून घेत होतास."

त्यांनी चपला पायात घातल्या.

"ऊठ. मला त्या झाडापाशी ने. स्वल्प हळू चालव."

नेलं. चाळीसच्या वर काटा गेला नाही, शपथेवर सांगतो. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवलेला. झाडापाशी त्या उतरल्या नाहीत, काचेतून बघत राहिल्या. परत येतानाही तसंच. दारात उतरताना मागे न बघता म्हणाल्या, "आता तू जा."

मी तिथेच, रस्त्यात, बॉनेट उघडलं.

क्लिप तळाला होती.

चाळीसच्या वेगात त्या झडपा उघडत नाहीत. त्या जड स्प्रिंगवर तर शक्यच नाही. धक्क्याने सरकली असेल म्हणून तीच क्लिप वर लावून नंतर पन्नास किलोमीटर खड्ड्यांतून फिरवली – तसूभर हलली नाही. पूर्ण जोर देऊनही बघितला. माझ्या पायाखाली त्या झडपा आजही उघडत नाहीत. म्हणजे त्या दिवशी उघडल्या त्या माझ्यासाठी नव्हत्या, एवढंच मी समजतो. आणि उघडल्या तर मिटल्याही. रस्त्यावर बोट लावून बघितलं, तीनदा. कुठेही अडत नव्हत्या.

अनिकेतला सगळं सांगून गाडी परत दिली. तो आता ती दुसरीकडे दाखवतो.

व्हॅक्यूमबद्दल मला जे येतं ते सगळं मी लावून बघितलं. इथे कोणी जाणकार असेल तर जरूर सांगा, पण कृपा करून माझं मन राखायला काही सांगू नका.

गेल्या महिन्यात अण्णांची तिथी झाली. मला बोलावणं नव्हतं, ते यायलाच नको होतं. अक्कांच्या शेजारणीकडून कळलं… पानात चिरोट्या होत्या.