थोरलीचा अजगर

चौक येईस्तोवर धाकटीचा खांदा भरून आला होता. पण अजगराचं तोंड पुढे थोरल्या जावेच्या खांद्यावर होतं, आणि थोरली काही थांबायचं नाव घेत नव्हती. धाकटीच्या मागे लाँड्रीवाला, त्याचे दोन भाऊ, गल्लीतली आणखी चार माणसं, आणि सगळ्यात शेवटी शेपटी काखोटीला मारून धाकटीचा नवरा. सगळ्यांच्या खांद्यांवर मिळून एकच अजगर. हिरवट-तपकिरी जाड कापडाचा, आत स्पंजचा चुरा भरलेला, बसपेक्षा हातभर लांब.

टेम्पो सांगता आला असता. पण टेम्पोत घालायचा तर तो दुमडावा लागला असता, आणि थोरलीने ते ऐकूनच घेतलं नाही. "दुमडला की स्पंजचे गोळे होतात. मग लोक विचारतील, याने काय गिळलंय?" म्हणून ही पायपीट.

सिग्नलला थांबलेल्या बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "बाई, याचं तिकीट अर्धं की पूर्ण?"

"शेपटीला विचारा," थोरली म्हणाली. "ती अजून मागच्या स्टॉपवर आहे."

मागून धाकटीच्या नवऱ्याचा आवाज आला, "वहिनी, शेपटीला तहान लागलीय!"

"भाऊजी, तुम्हाला घराच्या दाराबाहेर पडलं की तहान लागते. चला गुपचूप."

सगळे हसले. धाकटी हसली नाही. देवा, एवढं नीट पार पडू दे, असं ती कालपासून मनातल्या मनात घोकत होती.

थोरलीचं शिवणाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी पायाचं मशीन, भिंतीला कात्र्या, आणि चिंध्यांचं एक पोतं, जे कधी रिकामं झालेलं कुणी पाहिलं नाही. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कोटांची अस्तरं, जे येईल ते ती शिवायची. गल्लीतल्या कितीतरी पोरांनी तिने शिवलेल्या एकाच पँटवर तीन इयत्ता काढल्या. यंदा मात्र डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. तेवढ्यात दारात हाडंवाल्या बाई उभ्या राहिल्या.

त्या संग्रहालयातल्या. जुन्या काळच्या प्राण्यांची दगड झालेली हाडं तपासायची, हे त्यांचं काम. नाव गल्लीनेच पाडलं. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून मशीनवर ठेवली. तळहाताएवढा रुंद, मधे भोक असलेला मणका. प्लास्टरचा, पण हुबेहूब. खरा मणका कोळशाच्या खाणीत सापडला होता, आणि आधी सगळ्यांना वाटलं, मगरीचा असेल.

"साप होता," बाई म्हणाल्या. "विष नाही, दात रोवायचे आणि आवळायचं. आता मुलांसाठी तो कापडाचा करायचाय, पूर्ण मापाचा."

"माप द्या."

"हेच माप. असे थोडेच मणके मिळालेत. आजच्या सापांच्या मणक्यांशी ताडून लांबीचा अंदाज काढतो. कमीत कमी अकरा मीटर, जास्तीत जास्त पंधरा."

थोरलीने चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, उद्या गिऱ्हाइकं अशी मापं द्यायला लागली तर मला दुकानच बंद करावं लागेल. बाही गुडघ्यापर्यंत असेल, नाहीतर घोट्यापर्यंत!"

बाई खो खो हसल्या. मग त्यांनी सांगितलं की सापाचं रक्त स्वतःहून तापत नाही, त्याला ऊब बाहेरून लागते. एवढा मोठा साप जगला, म्हणजे तेव्हाची हवाच भरपूर गरम असणार. मणक्यावरून हवा कळते, याचं धाकटीला फार नवल वाटलं. एवढा जीव देवाने घडवला आणि मग दगडात जपून ठेवला. कुणाला तरी सापडावा म्हणूनच ना?

थोरलीने तेरा मीटर धरले. हा शिवून झाला की मशीनवर खोळ घालायची, असं तिने घरात जाहीर केलं. शेवटचं काम. म्हणूनच काल बाईंचा फोन धाकटीने घेतला, तरी थोरलीला काही सांगितलं नाही. खाणीत आणखी एक मणका निघाला होता, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. म्हणजे अजगर तोकडा पडणार. आणि चुकीचं ठरलेलं सामान संग्रहालय कुठे टाकतं, ते दोघींनी पाहिलं होतं. मागच्या अंगणात, नळाजवळ, एक जुना प्लास्टरचा साप पडला होता; फणा काढलेला, विषारी सुळ्यांचा, सगळाच चुकीचा. त्याच्या वेटोळ्यात माळ्याने कुंड्या ठेवल्या होत्या.

बागेच्या कठड्यावर अजगर टेकवून सगळे दम खायला बसले, तेव्हा धाकटीला राहवलं नाही.

"ताई, काल बाईंचा फोन आला होता." तिने सगळं सांगून टाकलं.

थोरलीने अजगराच्या मानेवरची धूळ झटकली. "बरं."

"अहो, बरं काय? तोकडा म्हणतील त्याला!"

"म्हणू देत. तू पाणी पी." आणि ती उठलीच.

पुढच्या वाटेत थोरलीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. धाकटीला वाटलं, लागलंय हिच्या मनाला, उगाच बोलले मी.

संग्रहालयाच्या मागच्या दाराने आत शिरताना नळाजवळच्या त्या सापाला सगळ्यांनाच वळसा घालावा लागला. दालनात अजगर उतरवला, तेव्हा हाडंवाल्या बाई चपला काढून त्याच्या कडेकडेने चालत गेल्या, परत आल्या, आणि त्याच्या अंगावर गाल टेकवून म्हणाल्या, "किती सुंदर केलाय हो!" मग जरा चाचरत, "एक नवा मणका..."

"कळलंय मला," थोरली म्हणाली. "केवढा वाढेल?"

"आताच नाही सांगता येणार. मोजायला, ताडायला वर्षं जातात. आणि कदाचित आणखी मणके निघतील."

थोरलीने धाकटीचा हात धरला आणि अजगराच्या पोटाखाली नेला. तिथे कापड जाडसर लागलं. एकावर एक दाबलेल्या घड्या, वरून कच्च्या टाक्यांनी धरलेल्या.

"माया ठेवलीय," थोरली बाईंना म्हणाली. "पोरांच्या पँटला आत ठेवते तशीच. दोन मीटर तरी निघेल. वाढत्या अंगाचं गिऱ्हाईक आहे, एवढं मला त्याच दिवशी कळलं होतं."

बाई वाकून त्या घड्या चाचपायला लागल्या आणि हसतच सुटल्या. धाकटी थोरलीकडे वळली.

"मघाशी सांगायचं ना, ताई! अर्धी वाट माझा जीव टांगणीला."

"तुझा जीव टांगणीला होता म्हणून तर तू न कुरकुरता चाललीस." थोरली खाली बसली, अजगराला पाठ टेकून. चष्मा काढून पदराने पुसला. "पण एक आहे. हे मोजतील कधी, ठरवतील कधी. तोवर मला टाकासुद्धा दिसायचा नाही. तेव्हा या घड्या तू उसवायच्या."

"मी? ताई, मला सुई ओवता येत नाही. शाळेत काजं माझी मैत्रीण करून द्यायची."

"शिवायला बाहेरचं कुणीही मिळेल. पण उसवताना लोक ओढतात, कापड जातं. ते घरच्याच हाताने व्हायला हवं. रविवारी दुपारी मशीनपाशी ये. भाऊजींचा एखादा जुना शर्ट आण. आधी त्याच्यावर शीक."