तालमीच्या लंगोटाला चार मार्क

लग्नात माहेरून मिळालेल्या वस्तूंमध्ये एक कॅमेरा होता. मामानं दिलेला, रोलचा, काळ्या चामडी पाकिटातला. कुरुंदवाडहून कोल्हापूरला सासरी आले तेव्हा सगळ्यांनी मिक्सरचं कौतुक केलं आणि कॅमेऱ्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यामुळं तो माझाच राहिला. मिक्सर मात्र घरच्यांचा झाला आणि वापरायची मी.

तो नव्वदच्या दशकाचा काळ. रोल संपला की कोपऱ्यावरच्या स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि मग जीव मुठीत धरून वाट बघायची. पहिल्याच रोलच्या पाकिटात फोटो कमी भरले. मी विचारलं, तर स्टुडिओवाले म्हणाले, "वैनी, बाकीचे फुकट गेल्यात. माणूसच न्हाय त्यात. म्हणून छापलो न्हाय. उगं तुमचं पैसं कशाला घालवू?"

त्यांनी नणंदेचा वाढदिवस छापला होता, वाडीच्या घाटावर उभ्या राहिलेल्या सासूबाई छापल्या होत्या. मी जीव ओतून काढलेले नेमके सोडले होते. खिळ्याला अडकवलेला नवऱ्याचा वर्कशॉपचा डगला. चुलीपुढं कुणीतरी उठून गेल्यावर राहिलेला पाट. आणि यष्टीची काच.

त्या काचेचं सांगायलाच हवं. सासूबाईंच्या भाचीच्या बाळाच्या बारशाला आम्ही दोघी राधानगरीकडं निघालो होतो. तिकडचा पाऊस काय सांगावा, यष्टीच्या सगळ्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झालेल्या. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, पदराच्या टोकानं तळहाताएवढी जागा पुसली, बाहेर बघितलं, आणि थोड्या वेळानं त्यांना डुलकी लागली. ती पुसलेली जागा तशीच राहिली. भोवती सगळं पांढरं आणि मधे तेवढंच हिरवं. मी कॅमेरा काढला. पुढच्या बाकावरच्या पावण्यांनी वळून बघितलं आणि ही बाई काचेचा फोटो का काढतीय म्हणून माझ्याकडं असं पाहिलं की मला हसूच आलं. स्टुडिओवाल्यांशी भांडून मी तो फोटो छापून घेतला. घरी आणून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, कारण भिंतीवर लावला असता तर येणाऱ्या प्रत्येकानं विचारलं असतं, ह्यात काय हाय?

मला एवढंच हवं होतं: मी जे बघते, ते आणखी कुणीतरी बघावं. बक्षीस नको, पेपरात नाव नको. कुणीतरी थांबून नीट बघावं, बास. आणि तेवढंच काही केल्या मिळत नव्हतं.

पुढं काही वर्षांनी आमच्या गल्लीत तालमीला लागून नेट कॅफे निघाला आणि नवऱ्यानं दिवाळीला डिजिटल कॅमेरा आणला. बी.कॉम.चं इंग्रजी आणि जवळ डिक्शनरी, एवढ्या भांडवलावर मी इंटरनेटवरची एक फोटोस्पर्धा शोधून काढली. दर आठवड्याला एक विषय. प्रत्येकानं एकच फोटो पाठवायचा, जगभरच्या सभासदांनी त्याला एक ते दहा मार्क द्यायचे, खाली अभिप्राय लिहायचे. जगभरचे लोक! मला वाटलं, आता तरी कुणी बघेल. काचेचा फोटो स्कॅन करून मी मोठ्या थाटात पाठवला.

तो तळाशी गेला. एकानं लिहिलं, "विषय कुठे आहे?" दुसऱ्यानं सल्ला दिला की आधी काच पुसून घ्यायची आणि मग फोटो काढायचा. माझं डोकं असं फिरलं की त्या माणसाला मराठीतून चार ओळी लिहाव्यात असं वाटलं. लिहिल्या नाहीत. त्याऐवजी वरच्या नंबरांचे फोटो बघत बसले, आणि हळूहळू ध्यानात आलं की भारतातून आलेल्या फोटोत ह्या लोकांना काय लागतं. सुरकुत्या लागतात. फेटा लागतो. सूर्य मावळताना लागतो, आणि वर हळदकुंकू सांडल्यासारखे रंग.

मग काय, मी बाजारात जाऊन एका फेटेवाल्या आजोबांचा फोटो काढला, रंग भडक केले आणि पाठवला. पहिल्या दहांत आला. "या डोळ्यांत आत्मा दिसतो," असं कुणी लिहिलं. आत्मा वगैरे काही नव्हता, आजोबा माझ्यावर वैतागले होते. तरी खोटं कशाला बोलू, मला आवडलं. पंचगंगेत धुतल्या जाणाऱ्या म्हशी, रंकाळ्यावरचा सूर्यास्त, काजळ घातलेलं बाळ, एकामागून एक पाठवत गेले आणि मार्क वाढत गेले. नावानं ओळखणारे लोक झाले. पण ते फोटो पुन्हा बघताना मला शेजारणीची साडी नेसून लग्नाला गेल्यासारखं वाटायचं. सगळे छान म्हणतात, आणि आपलं सगळं लक्ष ती मळू नये याकडं.

अशात एका आठवड्याला विषय आला, "लाल".

माझ्याकडं दोन फोटो होते. एक मिरचीच्या ढिगामागं बसलेल्या म्हातारीचा. सुरकुत्या, लाल रंग, सगळं जमून आलेलं. पाठवला की नंबर नक्की. दुसरा आमच्या गच्चीवरून काढलेला. तालमीच्या मागच्या अंगाला दोरीवर पैलवानांची लाल लंगोटं वाळत घातलेली असत. त्या दिवशी वारा पडला होता. सगळी सरळ खाली लोंबत होती आणि एकच कसं कोण जाणे हललं होतं. एक नवंकोरं, एकाची नाडी तुटलेली, एक धुऊन धुऊन गुलाबी झालेलं. माणूस एकही नाही.

दोन दिवस मी घोळ घातला. मग कॅफेत गेले, म्हातारीचा फोटो निवडला, आणि बटण दाबायच्या आधी मला स्वतःचाच राग आला. दरवेळी त्यांच्याच मनासारखं करायचं तर मी कशाला, त्यांनीच येऊन काढावेत की फोटो! लंगोटं पाठवली आणि घरी आले.

सरासरी रोज दिसत असे. चार आणि वर थोडं. अभिप्राय एकच होता: "हे कपडे आहेत का?"

कॅफेचा मालक तालमीतलाच गडी. माझ्या खांद्यावरून त्यानं पडद्याकडं बघितलं आणि ओरडला, "वैनी, ही आपली लंगोटं न्हवं?" मी घाईनं पान बंद केलं आणि घर गाठलं. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, लंगोट म्हणजे मारुतीरायाच्या पायाशी ठेवायची वस्तू, आणि मी ती उचलून जगापुढं टांगली होती. संध्याकाळी दारात तालमीचे वस्ताद उभे राहिले, मागं पाच-सहा जण. नवरा वर्कशॉपमधून यायचा होता. मी पदर सावरून बाहेर आले.

"वैनी," वस्ताद म्हणाले, "काढलासा तो काढलासा. त्याचं काय न्हाय. पर तालमीच्या लंगोटाला चार मार्क? कोण हाय त्यो देणारा?"

मला आधी कळेचना. हे रागावले होते, पण माझ्यावर नाही.

मी समजावून सांगितलं की जगभरचे लोक मत देतात. "मत?" वस्तादांचा चेहरा उजळला. "मग आदी सांगायचं की. मतदान काय आमाला नवीन हाय व्हय?"

रविवारी सकाळी व्यायाम झाल्यावर सगळी तालीम कॅफेवर लोटली. मालकानं एकेकाला ईमेल काढून दिलं, कित्येकांचं ते आयुष्यातलं पहिलं. अंगाला माती तशीच, खुर्च्या लाल झाल्या. गल्लीतले दुकानदार आले, दूधवाले आले, नगरसेवकाच्या निवडणुकीला सुद्धा जे येत नाहीत ते आले. मी लाजेनं घरातच बसले होते. एक पैलवान मधेच येऊन सांगून गेला, "वैनी, भिऊ नगासा, सगळी दहाच दाबाय लागल्यात." संध्याकाळी माझी लंगोटं पहिल्या नंबरावर होती. दुसऱ्या नंबरावर कुठल्याशा देशातलं एक गुलाबाचं फूल होतं. गल्लीत पेढे वाटले.

सोमवारी दुपारी स्पर्धेचं पत्र आलं. एकाच कनेक्शनवरून आलेली सगळी मतं रद्द. सगळे दहा, आणि एक सात. फोटो स्पर्धेतून बाद, मला महिनाभर बंदी. मी ते कॅफेत मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. वस्तादांनी विचारलं, "ह्यांचं हापिस कुठं हाय? पुण्यात?" तिकडं जाता येणार नाही म्हटल्यावर ते हळहळले. मी त्यांना विचारलं, "वस्ताद, खरं सांगा, फोटो आवडला का?"

त्यांनी डोकं खाजवलं. "फोटोतलं काय कळत न्हाय आमाला. पर वैनी, आपला हाय न्हवं?"

हे ऐकून मला हसू आलं आणि भरूनही आलं. इतक्या मोठ्या मनानं कुणी माझी बाजू घेतली नव्हती. तरी घरी येताना मन जड होतं. एवढी माणसं त्या पडद्यापुढं बसली आणि फोटो कुणीच बघितला नव्हता. त्यांनी मला बघितलं होतं.

आत्ती पुढच्या सोप्यात आजऱ्याचा तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. "सगळे दहाच होते," मी म्हटलं, "त्यातच एक सात होता. कुणी दिला असेल कोण जाणे."

"मी दिलो," आत्ती म्हणाल्या. सूप हलत राहिलं.

"तुम्ही? तुम्ही गेलता?"

"बोलवाय आलती की पोरं. ते मालक म्हणालं, काकू, दहा दाबू? म्हटलं, थांब की. बघू तर दे."

मला चक्क वाईट वाटलं. दहांचे सगळे ढीग रद्द झाले होते आणि मी सातावरून रुसले होते. "सातच का पण?"

"सात कमी हाय व्हय? चांगला हाय की. ते एक हलल्यालं हाय, ते बघून बरं वाटलं." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "पर त्या काचंची सर न्हाय."

"कुठली काच?"

"कुठली म्हणजे? राधानगरीला गेलतो तवाची. मी पुसल्याली. कपाटात साड्यांच्या बुडाला ठेवलीयास न्हवं. साडी काढाय गेलो की बघतो मी."

इतकी वर्षं तो फोटो तिथं होता, आणि मला वाटत होतं की तो मी लपवलाय.

आत्ती उठल्या, हात झटकले आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात तो फोटो होता. कडा थोड्या पिवळ्या पडल्या होत्या. दारातल्या उजेडात उभं राहून त्यांनी पदराच्या टोकानं तो पुसला, अगदी यष्टीत काच पुसली होती तसा, आणि मधल्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "इथं भात हाय. लावणी नुकतीच झाल्याली. कोण म्हणतंय काय न्हाय ह्यात?"