गाठ मारलेला पट्टा

कारखान्यात सगळे तिला आत्या म्हणत, अगदी साहेबसुद्धा. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्रेनने जड माल उचलायचे पट्टे, साखळ्या, हूक सगळं तिच्या ताब्यात. पट्टा बाहेर देण्याआधी ती तो टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपायची. शिवण उसवलेली किंवा कड चिरलेली लागली की पट्टा बाद. आणि बाद म्हणजे बाद! तिथल्या तिथे कापून दोन तुकडे, म्हणजे उगाच कुणाच्या हाताला खाज सुटायला नको.

त्या सकाळी तिने असाच एक पट्टा कापला आणि एकच बोंब उठली. मोठं यंत्र संध्याकाळच्या आत ट्रेलरवर चढवायचं होतं. तेवढं वजन पेलणारी पट्ट्यांची जोडी एकच, त्यातला हा एक. नवा उद्या येणार होता.

साहेब आत्याच्या वाटेला गेले नाहीत. तेवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी तिच्या धाकट्या भावाला गाठलं. तो माल हुकाला अडकवायचा आणि वर गेलेला माल हलायला लागला की हाताने सावरायचा. "आज यंत्र गेलं तर मुकादमी तुझी," साहेब म्हणाले. किती वर्षं धाकट्याचा त्या मुकादमीवर डोळा होता! गडी पाघळला. कचऱ्याच्या पिंपातून दोन्ही तुकडे काढले आणि चक्क गाठ मारली. पायजम्याच्या नाडीला मारतात तशी!

आत्या बाहेर आली तेव्हा पट्टे हुकात अडकवून झाले होते आणि धाकटा यंत्राला हात लावून उभा होता. तिची नजर गाठीवर गेली.

"सोड तो पट्टा."

"ताई, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

"गाठ सुटली तर पोट तरी राहील का रे, गाढवा?"

"तू माझी आई नाहीस! हो बाजूला."

आत्या बाजूला झाली नाही. तिने बाह्या सरसावल्या आणि सरळ यंत्रावर चढून बसली. "उचला आता. माझ्यासकट उचला."

वर केबिनमधल्या क्रेनवाल्याने बटणांवरचे हात काढून घेतले. साहेब धावत आले.

"आत्या, खाली उतरा! नाहीतर उद्यापासून घरी बसा."

"उद्याचं उद्या बघू. आज मी इथे बसलेय."

साहेब ओरडले, मग हातापाया पडले. आत्याने डबा मागवला आणि वर बसूनच जेवली. ट्रेलर रिकामा परत गेला, तेव्हा कुठे ती उतरली. त्या पट्ट्याचे तिने वीतवीतभर तुकडे केले. "मारा आता गाठी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी यंत्र नव्या पट्ट्यावर गेलं. आत्याला काढायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून साहेबांनी तो विषयच सोडला. मुकादमी मात्र दुसऱ्याच्या पदरात पडली आणि धाकट्याने आत्याशी बोलणं टाकलं. तिला ते फार लागलं. पण माफी मागायला ती गेली नाही. कशाला जाईल?

शेवटी भावजयीचा फोन आला. "ताई, तुम्ही यांचं वाटोळं केलंत. रोज कामावरून येतात, भांडी आपटतात आणि जेवण होईपर्यंत तुम्हाला शिव्या घालतात."

"रोज येतो ना?"

"काय?"

"घरी गं. रोज घरी येतो ना? मग घालू दे शिव्या."