गोलातली सुरुवात

सत्तरच्या दशकात संगमनेरच्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्राचा एक डेमॉन्स्ट्रेटर होता. खडू कायम कानामागे खोवलेला. परदेशी मासिकाचा जुना अंक हाती लागला की जेवायचं विसरायचा.

एकदा त्यानं फळ्यावर वर्तुळ काढून त्यावर एक खूण केली. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए असा गोल असतो, त्याची नक्कल एका ठरावीक जागेपासून सुरू होते, माणसाच्या पेशीतली ती जागा अजून शोधतायत, असं तो पोरांना सांगत होता. मी प्रयोगशाळेतला मदतनीस, मीही मागे बसून ऐकत होतो.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. "गोलाला कसली आलीय सुरुवात? सिलॅबसमध्ये आहे का हे?"

"सर, विहीर गोल असली म्हून मोट कुठनंबी सोडत्यात व्हय? तिची जागा ठरल्याली असती."

पोरं खूश होऊन हसली. प्रमुखांना ते झोंबलं. "इथं शेती शिकवायची नाही," असं म्हणून ते माझ्याकडे वळले. "पुसा ते."

फळा पुसला गेला. त्यानं शांतपणे कानामागचा खडू काढला, तेच वर्तुळ पुन्हा काढलं, खूणही त्याच जागी केली. तेही पुसायला लावलं.

अडाण्यानं केलं असतं तर समजलो असतो. पण प्रमुखांसारखा मोटेच्या पाण्यावर वाढलेला शिकलेला माणूस मोटेलाच हिणवतो! अजून तळपायाची आग मस्तकात जाते. आणि दोन्ही वेळा डस्टर माझ्याच हातात होतं.